तीन सेलांची बॅटरी

दिवाळी अंकातल्या सदरलेखकाने पणतीवर लिहावे असा जणू दंडकच आहे. गेली काही वर्षे मीही तो इमानाने पाळला. यंदा मात्र पणती, समई आणि आकाशकंदील या सर्वांची क्षमा मागून मी बॅटरीवर लिहिणार आहे. बॅटरी म्हणजे पुढे काच, मागे फिरकीचे झाकण आणि अंगठ्याखाली सरकते बटण असलेली, हातात धरायची ती. वर्गात हा शब्द उच्चारला की हल्लीची मुले मोबाइलची बॅटरी समजतात. पण आमच्या पिढीपर्यंत तरी खानदेशात बॅटरी म्हटले की हीच डोळ्यांपुढे येई.

या शब्दाची मोठी मौज आहे. इंग्रज ज्याला बॅटरी म्हणतो त्याला आपण सेल म्हणतो आणि तो ज्याला टॉर्च म्हणतो त्याला आपण बॅटरी म्हणतो. छापील मराठीत तिला 'विजेरी' असे देखणे नाव आहे. पण "अगं, जरा विजेरी आण" अशी हाक मी तरी कोणाच्या घरात ऐकलेली नाही. सेललाही शास्त्राच्या क्रमिक पुस्तकात 'कोरडा विद्युतघट' असे भारदस्त नाव दिलेले असते. त्यातल्या 'कोरडा' या विशेषणावर माझा फार विश्वास होता. तो गेल्या वर्षी उडाला, त्याची ही हकीकत.

आम्ही जळगावला असतो आणि आई धुळ्याला. एरंडोल, पारोळा करीत एस. टी. ने दोन-अडीच तासांचा रस्ता. आई इकडे येऊन राहायला तयार नाही. कारण विचारले तर तुळशीपासून शेजारणीपर्यंत दहा कारणे सांगते, आणि दहाही खरी असतात. तेव्हा एक रविवार सोडून दुसऱ्या रविवारी आमची फेरी ठरलेली. २०२४ साली दसरा उलटल्यावर सौ. आणि मी दिवाळीची साफसफाई करून द्यावी म्हणून गेलो. सौ. ने स्वयंपाकघराचा ताबा घेतला आणि माझ्या वाट्याला आप्पांचे कपाट आले. आप्पा म्हणजे माझे वडील. २०२२ च्या ऑगस्टात ते गेले. तेव्हापासून ते कपाट कोणी मोकळेपणाने उघडलेले नव्हते.

खालच्या खणात, त्यांच्या चष्म्याच्या घरामागे, धोतराच्या फडक्यात गुंडाळून ठेवलेली बॅटरी हाताला लागली. तीन सेलांची, पितळी, वरचा मुलामा जागोजाग उडालेली. बटण सरकेना. झाकण फिरेना. झाकणाच्या कडेने पांढरी भुकटी फुटून आली होती आणि तिच्यात मधूनमधून हिरवी झाक होती, न घासलेल्या पितळी भांड्यावर कळंक चढतो तशी.

"आई, ही लागत नाही का?"

"नही लागत," आई म्हणाली. आई एरवी चांगली छापील मराठी बोलते, अखेर मास्तरांची बायको! पण तिला एखादा विषय टाळायचा असला किंवा एखादी गोष्ट फार जवळची असली की ती अहिराणीवर येते. केव्हापासून लागत नाही असे विचारल्यावर ती चार महिने म्हणाली आणि भांडी मोजायला आत निघून गेली.

चार महिने हा आकडा ऐकून माझ्या डोक्यात उजेड पडायला हवा होता. पण तो पाडण्याचे काम शेजारच्या काकूंनी केले. दुपारी चहाच्या वेळी त्या सहज बोलून गेल्या, "त्या रात्री बॅटरी लागली असती तर पडल्या नसत्या हो तुमच्या आई."

जूनमध्ये आईचे मनगट मोडले होते. सहा आठवडे हात प्लास्टरमध्ये होता. आम्हाला तिने सांगितले होते, "पाय घसरला." तो घसरला होता खरा, पण रात्री दोन वाजता, वीज गेलेली असताना, नळाला पाणी आले म्हणून ती अंधारात परसात गेली, तेव्हा. आधी तिने बॅटरी घेतली होती. ती लागली नाही. मग भिंतीला हात लावत ती निघाली आणि दारातल्या हंड्याला अडखळली. धुळ्यातल्या गृहिणीला रात्री नळ वाजला की झोप येत नाही, हे मी लहानपणापासून पाहत आलो आहे. त्यामुळे त्यावर काही बोलण्यात अर्थ नव्हता. पण बॅटरी बिघडली हे तिने चार महिने का सांगू नये?

मी जरा आवाज चढवूनच विचारले. तिने शांतपणे उत्तर दिले, "तुला सांगितलं असतं तर तू नवी आणली असतीस आणि ही टाकून दिली असतीस."

यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते, कारण एक नवी मी आधीच आणून दिलेली होती. विजेवर भरायची, प्लॅस्टिकची, पांढऱ्या लख्ख उजेडाची. वीज नसताना ती भरता येत नाही आणि वीज असताना तिची आठवण होत नाही, असा तिचा स्वभाव निघाला. तीही त्याच कपाटात वरच्या खणात मुकाट पडून होती.

आप्पांची बॅटरी मी पिशवीत घातली आणि जळगावला घेऊन आलो.

ही बॅटरी आप्पांनी १९७८ साली घेतली. ते तेव्हा साक्री तालुक्यातल्या एका गावी जिल्हा परिषदेच्या शाळेवर नवे मास्तर होते. त्या वर्षी २ ऑक्टोबरला देशभर राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम सुरू झाला आणि गावातला रात्रीचा वर्ग आप्पांकडे आला. दिवसभर शेतात राबलेली माणसे रात्री जेवणखाण आटोपून यायची. वर्ग सुटायला उशीर व्हायचा. शाळेपासून आप्पांच्या खोलीपर्यंतची वाट नाल्याकाठची, विंचवा-सापांची. तेव्हा त्यांनी पगारातून ही बॅटरी घेतली. दोन सेलांची स्वस्त पडत होती, पण तिचा झोत नाल्याच्या पलीकडे पोचत नव्हता, असे ते सांगत.

सेल संपले की त्यांचे काम संपत नसे. बॅटरीतून निघालेले सेल रेडिओत जात. रेडिओ कुरकुरू लागला की ते गच्चीवर उन्हात ठेवले जात. तापले की पुन्हा थोडा वेळ चालत. पुढे रसायनशास्त्राच्या मित्राने सांगितले की यात भाबडेपणा नव्हता; उष्णतेने आतली क्रिया खरोखरच थोडी जोर धरते. आणि अगदीच प्राण गेला की आप्पा ते दगडाने फोडून आतली काळी पूड शाळेच्या फळ्याला फासायला नेत. मधली काळी कांडी आम्हा मुलांच्या वाट्याला यायची. तिने आम्ही आख्खी बोळ रंगवून ठेवत असू. आज कोणी मुलांना सेल फोडू देऊ नये. ती पूड नाकातोंडात जाणे चांगले नव्हे हे आता आपल्याला कळते. पण मी बाराखडी शिकलो ती त्या पुडीच्या काळ्या रंगावर. माझ्या मराठीच्या पाठीशी कोण कोण उभे आहे याचा विचार करताना त्या मेलेल्या सेलांनाही वगळता येत नाही.

ती पूड म्हणजे मुख्यतः मँगनीज डायऑक्साइड, त्यात कोळशाची भुकटी मिसळलेली. हे खनिज काही परदेशातूनच यावे लागते असे नाही. आपल्याच भंडारा जिल्ह्यात डोंगरी बुजुर्गची जी खाण आहे तिथले मँगनीज डायऑक्साइड सेलच्या कारखान्यांना जाते. फ्रान्सच्या लेक्लांशेने १८६६ साली असा घट प्रथम केला, तेव्हा तो काचेच्या बरणीत पातळ द्रव भरलेला होता. त्यात नवसागर होता. आपल्या कल्हईवाल्याच्या पिशवीत असतो तोच. पुढे जर्मनीत गास्नरने तो द्रव खळीसारखा घट्ट करून जस्ताच्या डबीत भरला आणि 'कोरडा' सेल झाला. १८९९ साली न्यूयॉर्कच्या मिझेल नावाच्या गृहस्थाने असे सेल नळीत एकापुढे एक बसवून पुढे दिवा लावण्याचे पेटंट घेतले. त्या वेळचे सेल इतके दुबळे की दिवा क्षणभर चमकवून लगेच विझवावा लागे. म्हणून अमेरिकेत त्याचे नाव पडले 'फ्लॅशलाइट'. एवढा सारा इतिहास माझ्या पिशवीत होता आणि झाकण काही फिरत नव्हते.

दुसऱ्या दिवशी ती पिशवी घेऊन मी कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या खोलीत गेलो. तिथे माझे एक मित्र आहेत. मराठीच्या माणसाला शास्त्र समजावून सांगणे हा त्यांचा आवडता विरंगुळा. त्यांनी बॅटरी हातात न घेताच विचारले, "हात धुतलेस का?" मग म्हणाले, "यात नवल काही नाही. साध्या सेलमध्ये जस्ताची डबी हेच भांडे आणि तेच जळण. वीज निघते ती डबी झिजून. चूल पेटवण्यासाठी घराचीच लाकडे काढत जावे तसे हे. सेल जुना झाला की भिंतीला भोके पडतात आणि आतला ओलावा बाहेर येतो. तुम्ही वापरला नाही तरी ही झीज हळूहळू चालूच असते. त्यातून आपला मे महिना!"

आपला मे महिना म्हणजे काय हे जळगाव-भुसावळच्या वाचकांना सांगायला नको. पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर जातो तेव्हा कपाटातल्या सेलच्या पोटातही क्रिया वेगाने चालते, आत वायू धरतो आणि तोंडाचे सील सैल होते. मग 'कोरडा' घट पाझरतो. पाषाणाला पाझर फुटतो असे आपण म्हणतो. जस्ताला फुटतो हे कोणा कवीच्या ध्यानात आले नाही.

"आता औषध सांग," मी म्हटले.

"आधी रोग ओळख. घरी हळद आहे?"

हा प्रयोग मी वाचकांना मुद्दाम सांगतो, कारण सगळे सामान स्वयंपाकघरातले आहे. पाझरलेले सेल दोन जातींचे असतात. साध्या जस्त-कार्बनच्या सेलमधून येते ते आम्लाच्या बाजूचे. ज्यावर 'अल्कलाइन' लिहिलेले असते त्यातून येतो तो तीव्र क्षार. दोन्हींवर उपाय उलटे. सेलवरचे नाव वाचता आले तर प्रश्नच नाही. पण आमचे सेल आत रुतून बसले होते. तेव्हा पांढऱ्या कागदाच्या पट्टीला ओली हळद फासायची आणि ती झाकणाच्या कडेच्या भुकटीला टेकवायची. हळदीचे कुंकू झाले तर क्षार. मग लिंबाचा रस किंवा व्हिनेगर थेंब थेंब लावायचे. हळद पिवळीच राहिली तर साधा सेल समजायचा. त्याला खाण्याचा सोडा. क्षार कातडीला भाजतो आणि डोळ्यात गेला तर फारच वाईट. म्हणून हातमोजे घालावेत, नाही तर दुधाच्या पिशव्या हाताला बांधाव्यात; आणि मुलांना टेबलाच्या पलीकडे उभे करावे.

आमच्या मुलीने आधी कपड्याच्या साबणाच्या पाण्यात पट्टी बुडवून लाल करून पाहिली, मग दुसरी बॅटरीला लावली. पिवळीच राहिली. निदान झाले.

कोमट पाण्यात दोन चमचे सोडा घालून बॅटरीचे ढुंगण, म्हणजे झाकणाचे टोक, रात्रभर त्यात बुडवून ठेवले. (पुढचा भाग आधीच काढून घेतला होता; तो सुदैवाने फिरला.) थोडी फसफस झाली. सकाळी झाकणाला फडके गुंडाळून पीळ दिला तेव्हा ते कुरकुरत सुटले. पण सेल जागचे हलायला तयार नव्हते. पाझरलेला सेल फुगतो आणि नळीला घट्ट धरून बसतो. अशा वेळी पक्कड, स्क्रू-ड्रायव्हर खुपसावासा वाटतो. खुपसू नये, नळीला पोचे पडतात. गॅसवर शेकावासा वाटतो. ते तर मुळीच करू नये, सेल फुटतो. नळीच्या पुढच्या तोंडातून बरोबर बसेल असे गोल लाकूड घालून मागे ढकलायचे, एवढाच सभ्य उपाय. तसे लाकूड घरात एकच होते.

"माझं लाटणं?" सौ. म्हणाली.

मी आप्पांचे नाव घेतले. तिने लाटणे दिले; पण ते आता परत नको आहे हेही त्याच वाक्यात सांगून टाकले.

लाटणे आत घालून, बॅटरी उभी धरून, मी ते अंगणातल्या फरशीवर हलकेहलके आपटत राहिलो. पंधरा-वीस मिनिटांनी पहिला सेल बाहेर आला, मग दुसरा, मग तिसरा. पहिल्या दोघांची सालपटे फुटली होती, अंगाला खाजकुयलीसारखी पांढरी लव आली होती. पण त्या दोघांच्या अंगाभोवती वहीच्या कागदाची एकेक पट्टी चिकटवलेली होती. आप्पांची ही सवय मी विसरून गेलो होतो. दर धनत्रयोदशीला ते तिन्ही सेल नवे घालीत. तिन्ही एकदम, दोन चांगले आहेत म्हणून एकच बदलणे त्यांना मान्य नसे. आणि प्रत्येकाला कागदाची पट्टी चिकटवून तीवर तारीख, वार घालीत. हजेरीपटावर घालावी तशी. कागद विरघळत आला होता, शाई पसरली होती. तरी एकावरचे वाचता आले: '२ नोव्हेंबर २०२१, मंगळवार.'

तिसऱ्या सेलला पट्टी नव्हती. तो जवळजवळ शाबूत होता.

तो माझा होता. २०२३ च्या ऑगस्टात आप्पांच्या वर्षश्राद्धाला गेलो असताना बॅटरीचा उजेड मंद झालेला दिसला. कोपऱ्यावरच्या दुकानात त्या आकाराचा एकच सेल शिल्लक होता. तो आणून मी एक जुना काढला आणि हा घातला. उजेड वाढला. आईच्या हातात बॅटरी देताना मला एक प्रकारचे समाधानही झाले होते. आता अंगणात उकिडवे बसून ते तीन सेल पाहताना, खोटे कशाला सांगू, माझ्या मनात पहिला विचार आला तो असा की बघा, गळले ते आप्पांचे, माझा टिकला!

सेलांच्या पोटातली घाण निघाली, पण आतली पितळी पट्टी मोडून हातात आली आणि झाकणातली स्प्रिंग तर खाऊन नाहीशीच झाली होती. सोड्याच्या लगद्याने, जुन्या दातघासणीने नळी घासली, साध्या पाण्याने धुतली, दोन दिवस उन्हात वाळवली. जिथे धातूला धातू टेकतो तिथे बारीक पॉलिश पेपर फिरवला. पुढच्या चकचकीत वाटीला मात्र पॉलिश पेपर लावण्याचा मोह टाळला, आणि वाचकांनीही टाळावा. तिच्यावरचा मुलामा एकदा गेला की झोत गेलाच. ती नुसत्या साबणाच्या पाण्यात विसळावी. पट्टीसाठी आणि स्प्रिंगसाठी जळगावात दोन दुकाने पालथी घातली. दोन्हीकडे सव्वाशे रुपयांत नवी बॅटरी देऊ केली आणि माझ्याकडे कनवाळूपणे पाहिले.

म्हणून पुढच्या रविवारी धुळ्याला गेल्यावर आग्रा रोडच्या एका बोळात, स्टोव्ह, कुलपे, छत्र्या आणि बॅटऱ्या दुरुस्त करणाऱ्या चाचांना शोधून काढले. आप्पांच्या स्टोव्हचा पंप तेच बघत. आता त्यांच्याकडे स्टोव्ह येत नाहीत, छत्र्याही कमीच. मिक्सरची भांडी येतात. बॅटरी पाहताच ते म्हणाले, "ही मास्तरांची." मग त्यांनी नळीत एक डोळा लावून पाहिले, माझ्या सफाईचे कौतुक केले आणि मी पिशवीतून काढलेले तीन सेल पुठ्ठ्यावर ओळीने मांडले.

"सर, सेल कोणी भरले होते?"

"मीच."

"एक नवा, दोन जुने?"

मी मान हलवली. आणि जरा सावरून घेण्यासाठी म्हणालो की नव्याला काही झाले नाही, जुनेच गळले.

चाचा हसले नाहीत. "गळणारच," ते म्हणाले. "तीन बैल एका दोरीला बांधले. दोन म्हातारे, एक गोऱ्हा. गोऱ्हा पळतो. म्हाताऱ्यांच्यात दम नाही, पण दोरी एकच, थांबता येत नाही. मग तोंडाला फेस येतो. हा फेस आहे."

वर्गात वीस वर्षे मी दृष्टान्त शिकवतो आहे. इतका नेमका दृष्टान्त मला सुचलेला नाही. सोमवारी रसायनशास्त्राच्या खोलीत तो सांगितला तेव्हा मित्र म्हणाले, "अक्षरशः खरे. एकामागे एक जोडलेल्या सेलांतून सारखाच प्रवाह जातो. दमलेल्या सेलमधून नवा सेल तो जबरदस्तीने रेटतो. कधीकधी तर जुन्याची बाजूच उलटी होते. जस्त झपाट्याने खलास, आत वायू, आणि गळती." म्हणजे आप्पांचे दोन सेल त्यांच्या स्वभावाने संपले असते, मंद होत होत विझले असते आणि उजेड कमी झाला एवढ्यावरून आईने ते कधीच बदलून घेतले असते. माझ्या एका नव्या सेलने त्यांना शेवटपर्यंत फरफटत नेले, नळीत गाळ केला, पट्टी खाल्ली. आणि जूनमधल्या त्या रात्री आईने बटण सरकवले तेव्हा अंधारच राहिला. दुकानात दोन दिवसांनी नवा माल येणार होता. मला दोन दिवस थांबता आले असते, किंवा जळगावहून तीन सेल आणता आले असते. सेल कोणत्या कंपनीचे होते ते विचारू नका. तिचा काही दोष नाही.

चाचांनी पितळेच्या पत्र्याची पट्टी कापून, दोन रिव्हेट मारून बसवली. स्प्रिंग त्यांच्या डब्यातल्या शेकडो स्प्रिंगांतून निघाली. कधीकाळी दुसऱ्याच कोणाच्या बॅटरीत असणार. फिरकीच्या आट्यांना बोटभर व्हॅसलीन फासले. दिव्याचा प्रश्न आला तेव्हा त्यांनी दोन पुढे ठेवले: एक जुना तारेचा, ३.८ व्होल्टचा, आणि एक त्याच आट्यांचा नवा एल. ई. डी. नवा वीज कमी खातो, सेल पुष्कळ जास्त टिकतात, तार तुटण्याची भीती नाही. मी नवा घेतला. तरी चाचांनी जुनाही कागदात बांधून दिला, "अम्मांना विचारा" म्हणून. दोन्हींचे मिळून साठ रुपये आणि मजुरी चाळीस. गळलेले सेल मी परत घेऊ लागलो तर ते म्हणाले, राहू द्या, माझ्याकडे डबा आहे. २०२२ पासून जुने सेल गोळा करून त्यांची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी कायद्याने उत्पादकांवर टाकलेली आहे. ते गोळा करणारा माणूस आमच्या गल्लीत मला अजून भेटायचा आहे; चाचांचा डबा मात्र मी डोळ्यांनी पाहिला, बराच भरलेला होता. त्यातून जाताना मी ती तारखेची पट्टी सोडवून खिशात घातली.

२९ ऑक्टोबर २०२४ ला धनत्रयोदशी होती. आम्ही आदल्या दिवशीच पोचलो होतो. हात बरा झालेला असला तरी आईला तो पुरता वळत नव्हता. चकल्या पाडायला शेजारच्या काकू आल्या होत्या. संध्याकाळी धने-गूळ, पूजा झाल्यावर मी तीन नवे सेल आणि बॅटरी तिच्यापुढे ठेवली. चाचांनी सांगितलेला दृष्टान्त तिला सांगितला आणि जूनमधले ते पडणे माझ्यामुळे झाले हेही सांगितले.

तिने ऐकून घेतले. म्हणाली, "हंडा मीच दारात ठेवला होता."

मग तिने बॅटरी हातात घेऊन लावली, भिंतीवर झोत टाकला आणि पांढरा उजेड पाहून तोंड वाकडे केले. "दवाखान्यासारखा वाटतो." मी मुकाट्याने खिशातला जुना दिवा काढून बसवला. पिवळा झोत छपराच्या तुळईवर गेला, तिथून आप्पांच्या फोटोवर आला, तिथून देवघराकडे. यात सेल लवकर संपतील हे मी तिला समजावून सांगितले. "संपू दे की. बदलायचे," ती म्हणाली. तिन्ही एकदम, हे मला सांगावे लागले नाही. तिनेच बोटे दाखवली.

मुलीने वहीचे पान फाडून तीन पट्ट्या कापल्या. खळ नव्हती, गोंद होता. मी पेन काढले आणि शक्य तितक्या नीट अक्षरात तिन्ही पट्ट्यांवर तारीख घातली. आईने चष्मा लावून एकेक सेल उजेडाकडे धरला, तिन्ही वाचले आणि मला परत दिले.

"तारीख लिखी," ती म्हणाली, "वार ऱ्हायना."

मी तिन्हींवर 'मंगळवार' लिहिले.